नऊ पियाले

१

गुरुवारी सकाळी आम्ही सात जण बुरुल एनेंच्या अंगणात शिरलो, तेव्हा दार उघडं होतं.

ते उघडं असायला नको होतं. आमच्या कोचकोर गावात एप्रिलात सकाळी कुणी दार उघडं टाकत नाही. उंबऱ्यापाशी अजून बर्फाचा ढीग असतो. शिवाय आम्ही येणार हे एनेंना ठाऊक नव्हतं. ठाऊक नसावं म्हणून तर तीन दिवस अख्खी भावकी जिवाचा आटापिटा करत होती.

त्यांचा धाकटा मुलगा तलांत सोमवारी सकाळी येकातेरिनबुर्गला बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि गेला. वय सव्वीस. थोरल्या जेनिशला दुपारी फोन आला. पेटी गुरुवारी दुपारपर्यंत येईल असं कळलं.

मरण फोनवर सांगायचं नसतं. जाणती माणसं सकाळच्या वेळी चालत घरी जातात, हवापाण्याचं बोलतात, घोड्यामेंढ्यांचं बोलतात, दोन बायका घरधनिणीचा एकेक हात धरून बसतात, मग सर्वांत वडील माणूस सांगतो. रडायचं ते त्यानंतर. आमच्या आज्यापणज्या असंच करत आल्या. त्यांच्या हातात फोन नव्हते, एवढाच फरक.

आम्ही आत गेलो. खोली झाडलेली. भिंतीकडेनं बैठकीच्या सगळ्या गोधड्या अंथरलेल्या, धुतलेल्या, कोऱ्या करकरीत वासाच्या. मधे दस्तरखान, त्यावर पाव, लोणी आणि चहाचे नऊ पियाले. बुरुल एने काळा पोशाख घालून खालच्या बाजूला बसल्या होत्या. हात मांडीवर.

"या," त्या म्हणाल्या. "बसा. काय सांगायचंय ते सांगा."

हवापाण्याचं बोलण्यात अर्थ उरला नव्हता. शेवटी जेनिशच्या चुलत्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं. एनेंनी शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली, आणि परवानगी मिळाल्यासारखा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

मी त्यांचा डावा हात धरला होता. माझ्या कानामागे कालिपा एजेंचा श्वास गरम लागला.

"कुणी सांगितलं हिला?" त्या कुजबुजल्या. "एकटीला. कुणी?"

२

संध्याकाळपर्यंत नाव ठरलंसुद्धा.

परिजात म्हणजे जेनिशची बायको, वय बावीस. आमच्याकडे धाकटा मुलगा आईजवळ राहतो, थोरला वेगळं घर करतो. धाकटा रशियात, त्यामुळे बुरुल एने एकट्या राहायच्या आणि परिजात रोज सकाळ-संध्याकाळ दोन गल्ल्या ओलांडून त्यांची गाय पिळायला जायची. म्हणून तर तिलाही आम्ही बुधवार सकाळपर्यंत कळू दिलं नव्हतं. पोर भाबडी, मनातलं सगळं गालावर येतं. कळल्यावर तिला एनेंकडे जायला मनाई झाली. तरी ती बुधवारी संध्याकाळी गेली. गाय पिळून आली म्हणाली.

"गाय पिळायला गेली आणि तोंड सांडून आली," असं कालिपा एजे बोरसोकच्या पुऱ्या तळता तळता साऱ्या बायकांसमोर म्हणाल्या. आमच्यात आईसारखीला एने म्हणतात, ताईसारखीला एजे; या बुरुल एनेंच्या नणंद. जेनिशचे वडील गेल्यापासून घराचा शब्द त्यांचा. "आईला एकटीला मारलं हिनं. सातव्याचं जेवण झालं की जेनिश हिला माहेरी सोडून येईल. नातवंडही नाही अडवायला."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. परिजात परात घासत होती. तिनं मान वर केली नाही.

सातवा रविवारी होता.

शुक्रवारी ती माझ्या घरी आली. मी सेझिमला पाजत होते. सेझिम माझी मुलगी, पाच महिन्यांची. ती दूध पिते तेव्हाच काय ती मला बसायला सवड. परिजात दाराशीच उभी राहिली.

"एलनुरा एजे, तुम्हालाही तसंच वाटतं?"

"बस आधी."

"बसायला नाही आले. सांगा."

"तू त्यांच्याशी काय बोललीस बुधवारी?"

"गाय कशी आहे विचारलं. त्या म्हणाल्या, बरी आहे. मग म्हणाल्या, तू जेवलीस का? एवढंच. मी ओठ चावून धरला होता. हे बघा." तिनं खालचा ओठ उलटा करून दाखवला. आत काळं पडलं होतं.

"मग जेनिशला दाखव की हा ओठ."

"तो म्हणतो, एजे म्हणतात त्यात काहीतरी असेल." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "ग्रुप तुम्ही चालवता. कोण कुठं काय बोलतं ते तुम्हाला दिसतं. तुम्ही शोधा. नाही सापडलं तर मी आपली जाईन."

हे मात्र खरं होतं. भावकीचा ग्रुप माझा. सदतीस माणसं, नाव 'जानताय आजोबांची लेकरं'. सोमवारी दुपारी, सेझिमला एका हातात धरून, दुसरा ग्रुपही मीच काढला होता. त्यात एने नव्हत्या. कुणाच्या खांद्यावरून कुणाला दिसलाच तर संशय नको, म्हणून त्याचं नाव ठेवलं 'बटाट्याचं बियाणं'. तेव्हा मला माझ्या अकलेचं कौतुकही वाटलं होतं.

३

पहिल्यांदा मी सोनुनबुबूकडे गेले. ती तलांतच्या वर्गातल्या एका मुलाची आई. त्या वर्गाच्या आयांचा एक ग्रुप आहे. मुलं आठ वर्षांपूर्वी शाळेतून सुटली, आया अजून सुटलेल्या नाहीत. बुरुल एनेही त्यात आहेत. अंगणात शोकाचा तंबू उभारायला लोकरीचे नमदे आणि मोठी भांडी लागणार म्हणून त्यातल्या नऊ आयांना मीच 'बटाट्यां'त घेतलं होतं, आणि सोनुनबुबूच्या पोटात काही राहत नाही हे मेंढ्यांनाही माहीत आहे.

"माझ्यावर?" तिनं कमरेवर हात ठेवले. "माझ्यावर संशय? अगं, तीन दिवस मी माझ्या नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही! तो म्हणाला, तुला बरं नाही का."

"एनेंशी काहीच बोलणं नाही?"

"त्यांनीच मंगळवारी विचारलं, तुमची गाय व्याली का. मी लिहिलं, व्याली, कालवड झाली. बस. पुढं एक अक्षर नाही."

"बोलला नाहीत, पण हातून चुकून काही गेलं? एखादी मेणबत्ती, रडकं तोंड?"

"वेडी आहेस. मी तर रोजची फुलंसुद्धा पाठवली नाहीत. सोमवारपासून एक नाही. ट्यूलिपचं इतकं सुंदर चित्र काढून ठेवलं होतं, 'दिवस मंगलमय होवो' वगैरे. हात धजेना. ज्या घरात असं झालंय तिथे मंगलमय कसं पाठवू? सगळ्याजणींचं तसंच. काही लाज असते की नाही." तिनं डोळे पुसले आणि लगेच मान पुढे काढली. "पण मी सांगते, त्यांना आधीच कळलं होतं. मंगळवारी दुपारी मी तिकडून गेले तर सगळ्या गोधड्या तारेवर. सगळ्या! बाहेर बर्फ, आणि ही बाई गोधड्या धुतेय. मला वाटलं, असेल वसंताची सफाई."

मी सेझिमला खांद्यावर घेतलं. "कुठल्या वारी म्हणालात?"

"मंगळवारी. बाजाराच्या दिवशी. का?"

परिजातला बुधवारी सकाळी कळलं. गोधड्या मंगळवारी दुपारी तारेवर होत्या.

४

एवढ्यानं काम भागलं असतं. पण गोधड्या सफाईच्याही असू शकतात, असं कालिपा एजे म्हणणार हे मला ठाऊक होतं. आणि मला आणखीही एक ठाऊक होतं. भावकीच्या जुन्या ग्रुपात, जिथे एने होत्या, बुधवारी दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी एक निरोप येऊन पुसला गेला होता. काय होतं ते उरलं नव्हतं. कुणाचा ते उरलं होतं.

कालिपा एजे अंगणात तिंबलेल्या पिठावर ओलं फडकं घालत होत्या.

"एजे, बुधवारी दुपारी तुम्ही काय पुसलंत?"

त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या फडक्याची घडी सरळ करत राहिल्या.

"तंबू मोठा मागवू की लहान, असं विचारलं," त्या शेवटी म्हणाल्या. "बोटं पिठानं भरलेली होती. चुकून त्या ग्रुपात गेलं. मिनिटभरात पुसलं. पण मिनिट म्हणजे पुष्कळ, नाही का गं? आमच्या बुरुलला वाचायला मिनिट नाही लागत."

"मग परिजातला का—"

"मला वाटलं मीच! मीच मारलं तिला एकटीला!" त्या खाली बसल्या, पिठाच्या हातांसकट. ही बाई कधी खाली बसलेली मी पाहिली नव्हती. "तलांतला मी न्हाऊ घातलंय पहिल्यांदा, या हातांनी. मी कसं म्हणू, माझ्या हातानं झालं? आणि ती पोर गेलीच होती तिकडे, सांगूनही. म्हटलं, असेल तीच. असू दे तीच."

मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर बुधवारची दुपार आली: उकळत्या तेलाची कढई, तिच्यापुढे ही बाई, आणि चुकून दाबलेलं एक बोट.

"तुमच्या हातानं नाही झालं, एजे. गोधड्या मंगळवारी धुतल्या होत्या."

त्यांनी मान वर केली. आधी चेहरा सुटल्यासारखा वाटला, आणि पाठोपाठ पुन्हा आवळला.

"मग मंगळवारी कुणाला माहीत होतं? मला, जेनिशला, चुलत्याला, 'बटाट्यां'तल्या सगळ्यांना. आणि तुला. तू काढलास तो ग्रुप." त्या उठल्या. "हे बघ, जे असेल ते असेल. बुरुलपाशी हा विषय कुणी काढायचा नाही. तिला आधीच काय कमी आहे? तिला यातलं काही कळता कामा नये."

"परिजातला घालवताय हे तरी माहीत आहे का त्यांना?"

"नाही. आणि कळणारही नाही."

५

शनिवारी दुपारी सेझिम झोपली नाही, म्हणून मीही बसले नाही. तिला कडेवर घेऊन खिडकीपाशी येरझाऱ्या घालत मी ती गुरुवारची खोली पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणली. गोधड्या. पाव. लोणी. पियाले.

पियाले नऊ होते. आम्ही सात.

त्यातल्या एका पियाल्यापुढे मिठाची वाटी होती. चहात मीठ घेतात ते भावकीतले सर्वांत वयस्कर कादिर आजोबा. एक पियाला त्यांचा, एक त्यांच्या बायकोचा. असं सांगायला जायचं तर कादिर आजोबांनीच जायचं. ती त्यांची जागा. पण सोमवारी संध्याकाळी त्यांना छातीत कळ आली आणि बायकोसकट बिश्केकला हलवलं. ते 'बटाट्यां'तल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोण सात जण जाणार याची यादी मीच तिथे टाकली होती.

म्हणजे एनेंनी तो ग्रुप कुणाच्याही फोनवर पाहिलेला नव्हता. आणि आमच्यापैकी कुणी जर त्यांच्याशी या विषयावर बोललं असतं, तर कादिर आजोबा आजारी आहेत हे आलंच असतं बोलण्यात. कोण यायला हवं ते एनेंना माहीत होतं. कोण येणार ते माहीत नव्हतं.

कुणीच सांगितलं नव्हतं. तरीही मंगळवारपर्यंत त्यांना कळलं होतं.

सेझिम कण्हली. तिला दुसऱ्या खांद्यावर घेताना सोनुनबुबूचं बोलणं आठवलं: हात धजेना. सगळ्याजणींचं तसंच.

मी एका हातानं फोन उघडला. 'जानताय आजोबांची लेकरं'. सोमवार सकाळ: नऊ पुष्पगुच्छ, दोन चहाच्या किटल्या, नमाज पढणारं मांजर, कुणाच्या तरी नातवाचा नाच. दुपारनंतर काही नाही. मंगळवार, काही नाही. बुधवारी फक्त ती पुसलेली ओळ. सदतीस माणसं, रोज सकाळी एकमेकांच्या अंगावर फुलं फेकणारी. एकाच दुपारी सगळ्यांचे हात धजेनासे झाले होते.

मग मी बुरुल एनेंचा आणि माझा खासगी निरोप उघडला. मंगळवार सकाळ. त्यांनी विचारलं होतं: 'सेझिमला दात आला का?'

माझं उत्तर त्याच मिनिटातलं होतं. 'नाही अजून, लाडक्या एने!' पुढे तीन बदाम.

सेझिम झाल्यापासून एनेंच्या कुठल्याही निरोपाला मी त्याच दिवशी उत्तर दिलेलं नव्हतं.

६

रविवारी सकाळी मी तंबूत गेले. सातव्याच्या जेवणाची चूल बाहेर पेटली होती. जेनिशची गाडी फाटकाशी उभी होती आणि मागच्या सीटवर परिजातची पिशवी दिसत होती. कालिपा एजे लाकडं मोजून घेत होत्या. त्यांनी मला आत शिरताना पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं, आणि का कोण जाणे, थांबल्या.

एने भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आवाज बसला होता.

"एने, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. हो ना?"

त्या वळल्या. सेझिमच्या पायाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुला कसं कळलं?"

"कादिर आजोबांच्या मिठावरून."

"ते का नाही आले?"

"दवाखान्यात आहेत."

"अरे देवा. ते पण लपवलंत." त्यांनी एक लांब श्वास घेतला. "मी एकतीस वर्षं इथल्या टेलिफोन कचेरीत बसले, माहीत आहे ना तुला? कानावर पट्टा, समोर फळी, फळीत भोकं. लोकांना वाटायचं आम्ही बोलणी ऐकतो. बोलणी कोण ऐकतं गं, कंटाळा येतो. आम्ही गप्प कोण आहे ते बघायचो. नारीनच्या बाजूच्या तारा एकदम गप्प झाल्या की समजायचं, घाटात दरड आली."

बाहेर कुणीतरी झाकण आपटलं. त्या थांबल्या, पुन्हा बोलू लागल्या.

"सोमवारी दुपारी तुमचा ग्रुप गप्प झाला. मला वाटलं, नेट गेलं. पण माझ्या माहेरचा ग्रुप धडधडत होता. भाऊ मेंढीचा व्हिडिओ पाठवतोय, भाची लिपस्टिक विचारतेय. म्हणजे नेट आहे, आणि माझ्या माहेरी सगळं ठीक आहे. जे काही आहे ते सासरचं. आधी मनात आलं, कादिरभाऊजी गेले असतील. मग संध्याकाळी शाळेच्या आयांचा ग्रुप बघितला. तोही गप्प. सोनुनबुबू गप्प! ती सोव्हिएत पडलं तेव्हाही गप्प बसली नव्हती."

मला हसू आलं, आणि त्याची लाज वाटली. एनेही किंचित हसल्या.

"कादिरभाऊजींसाठी सोनुनबुबू कशाला गप्प बसेल? जेनिशसाठीही नाही; जेनिश तिच्या मुलाहून नऊ वर्षांनी मोठा, ती त्याला धड ओळखत नाही. रात्रभर मी हे एकेक नाव काढून बघितलं. भावकीतला कोण, ज्याच्यासाठी शाळेच्या आया फुलं थांबवतील? दुसरं एखादं नाव यावं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी तोच. सगळ्या गप्प माणसांच्या मधोमध माझा धाकटा एकटाच उभा होता."

"मग सकाळी तुम्ही आम्हाला विचारलंत."

"विचारलं. गाय, दात, गुडघा, काहीबाही. अकरा जणांना. अकराच्या अकरा जणांनी लगेच उत्तर दिलं, गोड गोड. तुझी तीन बदामं आली, तेव्हा मी उठले आणि गोधड्या काढल्या."

सेझिमनं त्यांचं बोट धरलं होतं. ते त्यांनी सोडवलं नाही.

"एने, मग हाक का नाही मारलीत? आम्ही धावत आलो असतो."

"मला कुणी सांगितलं कुठं होतं?" हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "ते माणसांनी येऊन सांगायचं असतं. हात धरून. तोवर रडायचं कसं? न सांगितलेल्या मरणावर रडलं तर आपणच पोराला मारल्यासारखं होतं. म्हटलं, सांगितलेलं नाही तोवर आहे तो. मंगळवार होता तो. बुधवारही होता. मी त्याच्याशी बोलतही होते. फक्त कुणी शेजारी नव्हतं, एवढंच."

७

मग मी त्यांना परिजातचं सांगितलं. सांगू नको म्हणून बजावलेलं सगळं सांगितलं. गाडीचं, पिशवीचं, ओठाचंही.

त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा कोरडा होत गेला.

"बुधवारी आली होती ती. गाय पिळून झाली तरी बसली गोठ्यात. मी म्हटलं, जा आता. जाईना. दुधाची चरवी घेऊन बसून राहिली." त्यांनी हात पुढे केला. "तो ग्रुप दाखव मला. आत्ता घालून उपयोग नाही, मागचं दिसत नाही ना? तुझा फोन दे."

मी दिला. काय करायला हवं होतं? नाही म्हणायला हवं होतं का?

त्यांनी पहिल्यापासून वाचलं. दोनशेच्या वर निरोप. त्या अंगठ्यानं हळूहळू वर सरकवत होत्या आणि मी उलट्या बाजूनं वाचत होते. मेंढ्या किती. घोडा कुणाचा. तंबू कुठल्या आळीतून. आधी शांत व्हायचं औषध द्यावं का. तिच्या फोनवर लक्ष ठेवा. मीठ संपलंय. सरपण कोण आणतं. मला आता दिसत होतं की एवढ्या निरोपांत तलांतबद्दल एक वाक्य नव्हतं. तो शिट्टी कशी वाजवायचा, हे नव्हतं. आम्ही फार कामात होतो.

बुधवारपाशी त्यांचा अंगठा थांबला. तो निरोप परिजातचा होता, ग्रुपात आल्यावरचा पहिला आणि शेवटचा.

'एनेजवळ आज कोण आहे? मी नुसती जाऊन बसू का? काही बोलणार नाही.'

खाली कालिपा एजे: 'तुझा चेहरा बोलतो. जायचं नाही.'

आणि त्याखाली, कालिपा एजेंच्या उत्तराला दिलेला एकच अंगठा. माझा. तेव्हा मी पाजत होते. मोकळं एकच बोट होतं. वाचलंही नसेल नीट. असं मी स्वतःला सांगून बघितलं.

एनेंनी तो अंगठा पाहिला. फोन बंद केला, बाहीनं काच पुसली आणि माझ्या हातात दिला. मग उठल्या. शोकातली बाई तंबूबाहेर पडत नाही, पण त्या पडल्या. अंगणातल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी राहिले.

"कालिपा," त्या म्हणाल्या, बसलेल्या आवाजात, "मला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून गप्प बसून सांगितलंत. त्या पोरीला खाली उतरव."

कालिपा एजे स्वतः गाडीपाशी गेल्या. दार त्यांनीच उघडलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्यांची मान खाली होती हे दिसलं. जेनिश स्टीअरिंग धरून समोर बघत राहिला. खरं तर त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

परिजात आली. एनेंनी तिचा हात धरून तिला तंबूत नेलं आणि भिंतीकडच्या बाजूला, स्वतःच्या उजवीकडे, अगदी जवळच्या बायका बसतात तिथे बसवलं.

"राहशील?" त्यांनी विचारलं.

"आज राहते, एने," परिजात म्हणाली. "पुढचं मला अजून माहीत नाही."

"बरं. आज तर आज." आणि मग, "तलांत तुझ्याशी बोलायचा का गं फोनवर? काय म्हणायचा?"

"म्हणायचा, वहिनी, आईच्या गायीला सांग, मी परत आलो की तिचं दूध मी पिळणार. मी म्हणायचे, गाय तुला लाथ मारील. तो म्हणायचा, मारू दे, घरचीच लाथ."

एने हसल्या. हसता हसता रडल्या. परिजातही रडली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तंबूत त्याचं नाव घेऊन कुणी रडलं.

मी दाराच्या नमद्यापाशी उभी होते. मला सांगायचं होतं, तो अंगठा, एने, तो मी बघून दिला नव्हता. मला सांगायचं होतं की ती तीन बदामं खोटी नव्हती, म्हणजे, पूर्ण खोटी नव्हती.

"एने, मीही बसू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, फार माया होती. लहान मुलाला पाय न दुखवता उतरवून ठेवावं तसा आवाज केला त्यांनी.

"तू जा गं. बाळ रडतंय तुझं."

सेझिम माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी गेले.